मध्ययुगीन ख्रिस्ती यात्रेला निघालेल्या चाकर पोराची कादंबरी कशी लिहावी

बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यात ऐतिहासिक कथा लिहायला बसलेल्या नव्या लेखकाची लेखणी बहुधा गडकोटांकडे वळते, आणि त्यात वावगे काही नाही. परंतु कडोली, येळ्ळूर किंवा उचगावच्या साहित्य संमेलनांना नेमाने जाणाऱ्या एखाद्या तरुण लेखकाला परक्या मुलखातील, परक्या धर्मातील आणि पावणेसातशे वर्षांपूर्वीची गोष्ट मराठीत आणावीशी वाटली, तर सुरुवात कुठून करावी आणि कशापासून सावध राहावे, हे सांगणारे त्याला सहसा कोणी भेटत नाही. येथे त्यासाठी एकच विषय घेतला आहे: चौदाव्या शतकातील युरोपात मालकाबरोबर, किंवा मालकाच्या ऐवजी, तीर्थयात्रेला निघालेला बारा-चौदा वर्षांचा चाकर.

या विषयासाठी सीमाभागातील लेखकाजवळ दोन गोष्टी आयत्याच असतात. पायी यात्रा त्याने डोळ्यांनी पाहिलेली असते, आणि एका बाजारात मराठी, कन्नड व कोंकणी या तीन भाषा ऐकत तो वाढलेला असतो. यांपैकी दुसरी गोष्ट निर्धास्तपणे वापरावी. पहिली जपून वापरावी, कारण तिच्या ओढीने पंढरीच्या वारीचेच वर्णन नावे बदलून कागदावर उतरण्याचा धोका मोठा आहे. यावर उपाय एकच, आणि पुढचे सगळे विवेचन त्याच्याच आधाराने केले आहे: कथा चाकराच्या कामावर उभी करावी. श्रद्धेपासून आरंभ केला की लेखक स्वतःच्याच ओळखीची भक्ती लिहितो. पण खेचराला दाणा कोणी घातला, फाटलेला जोडा कोणी शिवून आणला, रात्री दाराशी आडवे कोण झोपले, असे प्रश्न विचारत गेले की त्यांची उत्तरे शोधण्यासाठी त्या काळात जावेच लागते.

आधी वर्ष, मग वाट

मध्ययुग म्हणजे जवळजवळ हजार वर्षे, त्यामुळे नुसते मध्ययुग म्हणून भागत नाही. एक वर्ष पक्के करावे. माझी शिफारस १३५० सालाची आहे. पोप आठवा बोनिफास याने १३०० मध्ये पहिले जयंती वर्ष जाहीर केले. त्या वर्षी रोमला येऊन प्रेषित पीटर आणि पॉल यांच्या मंदिरांचे दर्शन घेणाऱ्या, पापांची कबुली दिलेल्या यात्रेकरूला पापाच्या शिक्षेतून पूर्ण माफी मिळणार होती. रोमच्या रहिवाशाने तीस दिवस आणि बाहेरून आलेल्याने पंधरा दिवस हे दर्शन घ्यावे, असा नियम होता. असे वर्ष शंभर वर्षांनी एकदा यायचे होते, परंतु सहाव्या क्लेमेंट पोपने ते पन्नास वर्षांवर आणले आणि रोममधीलच लॅटरनच्या मंदिराची यादीत भर घातली. गंमत अशी की हा पोप स्वतः रोममध्ये नव्हताच. १३०९ पासून पोपचा दरबार आजच्या फ्रान्समधील आव्हिन्यों येथे होता, आणि १३५० मध्येही लाखमोलाचा हा सोहळा यजमान गैरहजर असतानाच पार पडला.

त्याच्या आधीची तीन वर्षे महामारीची होती. १३४७ च्या ऑक्टोबरात सिसिलीतील मेस्सिना बंदरात उतरलेली प्लेगची साथ पुढच्या वर्षी फ्रान्स आणि इंग्लंडपर्यंत पोहोचली. म्हणजे १३५० मध्ये रस्त्यावर असलेला प्रत्येक माणूस साथीतून वाचलेला होता, आणि तेरा वर्षांचा चाकर अनाथ असण्यासाठी कोणताही योगायोग रचावा लागत नाही. कथानकाला इतकी मदत करणारे दुसरे वर्ष सापडणे कठीण आहे.

आपल्याकडचा काळ जुळवून पाहिला तर लेखकाची पकड आणखी घट्ट होते. विजयनगरची स्थापना १३३६ ची, बहमनी राज्याची १३४७ ची, आणि परंपरेनुसार नामदेवांची समाधी नेमकी १३५० ची. हे सर्व कादंबरीत घालायचे नाही. ते फक्त आपल्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावे, म्हणजे पात्रांच्या हातात चुकून अठराव्या शतकातील वस्तू जात नाहीत.

वाट निवडताना इंग्लंडचा मोह आवरावा. तिसऱ्या एडवर्ड राजाने त्या वर्षी आपल्या प्रजेला रोमला जाण्यास आडकाठी केली होती, म्हणून चाकराचे गाव उत्तर फ्रान्समध्ये, रीम्स शहराच्या आसपास असणे सोयीचे. तिथून जुनी वाट बेझान्साँ, लोझान, सेंट बर्नार्डची मोठी खिंड, आओस्ता, व्हेर्चेली, पाव्हिया, प्याचेन्झा, लुक्का, सिएना आणि व्हितेर्बो अशी रोमला पोहोचते. कँटरबरीचा आर्चबिशप सिगेरिक ९९० च्या सुमारास रोमहून परतला तेव्हा त्याच्या वाटेवरील ७९ मुक्कामांची यादी लिहून ठेवली गेली, आणि ती आजही उपलब्ध आहे. कादंबरीतील प्रकरणांना एवढा तयार सांगाडा दुसरा कोणता मिळणार? रीम्सपासून रोम सुमारे दीड हजार किलोमीटर भरते. रोज वीस-पंचवीस किलोमीटर चाल धरली आणि पाऊस, आजारपण व सणांचे खाडे मोजले, तर अडीच ते तीन महिने लागतात.

दिनदर्शिका स्वतः मांडावी. त्या वर्षी ईस्टर २८ मार्चला होता, म्हणजे चाळीस दिवसांच्या उपवासकाळाची सुरुवात १० फेब्रुवारीला झाली. ईस्टर झाल्यावर निघालेला यात्रेकरू मे महिन्याच्या सुमारास खिंडीत पोहोचतो, आणि २,४६९ मीटर उंचीवर तेव्हाही बर्फ असते. खिंडीतील धर्मशाळा अकराव्या शतकापासून आहे, पण तिथले सुप्रसिद्ध कुत्रे सतराव्या शतकापूर्वीचे नाहीत. ते कथेत आणू नयेत, कितीही गोड वाटले तरी. ऋतूंबाबत मराठी मनाची एक सवयही मोडावी लागते. आपल्याला मार्च-एप्रिल म्हणजे उन्हाचा तडाखा, तर त्यांना तो सुटकेचा काळ. आपला पावसाळा ठरलेल्या महिन्यात येतो, त्यांचा पाऊस कधीही येतो. आणि जूनमध्ये उत्तर फ्रान्सात रात्री नऊनंतरही उजेड असतो, त्यामुळे दिवेलागणीचा प्रसंग जूनमध्ये लिहिताना थांबून विचार करावा.

चाकर कोण, आणि तो निघाला का

येथे घाई करू नये; कादंबरी बहुतेक वेळा याच ठिकाणी फसते. मध्ययुगीन युरोपात किशोरवयात दुसऱ्याच्या घरी चाकरीला राहणे अगदी नेहमीचे होते. करार बहुधा वर्षाचा असे, आणि मोबदल्यात जेवण, कपडे व थोडे पैसे मिळत. असा मुलगा गुलाम नव्हता; तथापि जमीनदाराच्या मालकीच्या जमिनीला बांधलेल्या कुटुंबातील असेल, तर त्याला गाव सोडण्यासाठी धन्याची परवानगी लागे. म्हणजे आपल्या नायकाला मनात आले आणि तो उठून चालू लागला, असे होत नाही. त्याच्या प्रवासाला कारण हवे, आणि ते वरच्या कोणाचे तरी हवे.

सर्वांत उपयोगी कारण म्हणजे दुसऱ्याच्या वतीने केलेली यात्रा. सधन माणसे मृत्युपत्रात पैसे ठेवून जात की, माझ्या आत्म्यासाठी अमुक तीर्थाला कोणीतरी चालत जावे. साथीत मेलेल्या धनिणीने असे पैसे ठेवले आहेत, तिचा मुलगा जायला निघाला आहे आणि सामान वाहायला हा पोरगा आहे. किंवा मुलगा वाटेत अंथरूण धरतो आणि पोराला एकट्याने पुढे जावे लागते. यातून एक खरा नैतिक पेच आपोआप तयार होतो. पाय पोराचे झिजतात आणि माफी मात्र मेलेल्या धनिणीला मिळते. पोराला हे कधी उमगते, आणि उमगल्यावर तो काय करतो, एवढ्यावर अर्धी कादंबरी तरेल.

कायदाही वाचावा. इंग्लंडमध्ये साथीनंतर मजूर मिळेनासे झाले, म्हणून १३४९ व १३५१ मध्ये मजुरी गोठवणारे हुकूम निघाले, आणि १३८८ च्या कायद्याने तर चाकर-मजुराला यात्रेचे निमित्त सांगूनही आपला परगणा सोडण्यास बंदी घातली. जायचेच असेल तर जाण्याचे कारण आणि परतण्याची मुदत लिहिलेले मोहोरबंद पत्र जवळ हवे. यावरून दोन गोष्टी दिसतात: चाकर यात्रेच्या नावाखाली पळून जात असत, आणि सरकारला ते ठाऊक होते. ज्यांना इंग्लंडच हवे आहे त्यांनी कथा १३८८ नंतर न्यावी, इंग्लंडमधीलच कँटरबरी या तीर्थाची छोटी वाट घ्यावी, आणि त्या पत्रालाच कथेची किल्ली करावे.

नोंदींमध्ये अशा चाकरांची नावे क्वचित सापडतात, तरी त्यांचे वागणे कधीकधी सापडते. इंग्लंडमधील लिन गावची मार्जरी केम्प ही विवाहित स्त्री १४१३ च्या सुमारास जेरुसलेम आणि रोमच्या यात्रेला निघाली. तिने पुढे सांगून लिहवून घेतलेल्या आठवणींत तिच्या मोलकरणीविषयी कडू तक्रार आहे. ही मुलगी सहप्रवाशांचे जेवण रांधी, त्यांचे कपडे धुई, पण मालकिणीकडे पाहीना. अखेर ती तिला सोडून त्यांच्याबरोबर गेली. पुढे रोममधील इंग्रज धर्मशाळेत मार्जरीला ती भेटली तेव्हा मुलीकडे तिथल्या मद्याच्या कोठाराची व्यवस्था होती आणि तिचे बरे चालले होते. मालकिणीच्या लेखी ती कृतघ्न. तिची स्वतःची बाजू कोणीच लिहून ठेवली नाही, तिचे नावही नाही. ऐतिहासिक कादंबरीकाराला याहून मोकळी जागा कोणती हवी, असे मला नेहमी वाटते. मुलगा नायक करण्याचा हट्ट नसेल, तर मुलीचा विचार अवश्य करावा.

चाकराच्या नजरेचा सराव करण्यासाठी मराठी लेखकाला जनाबाईंइतका जवळचा आधार नाही. स्वतःला नामयाची दासी म्हणवणाऱ्या या संत कवयित्रीच्या रचनांत दळण, कांडण, पाणी आणि शेण्या यांतूनच जग दिसते. हे पाहावे ते कामाकडे बघण्याची रीत शिकण्यासाठी. तिचा देव तिच्याबरोबर दळायला बसतो, ही जवळीक मात्र फ्रेंच पोराच्या मनात जशीच्या तशी घालू नये. त्याचा देव संतांच्या मध्यस्थीने ऐकणारा, हिशेब ठेवणारा आणि न्यायाच्या दिवशी समोर बसणारा आहे.

वाटेवरचा एक दिवस

कादंबरीचे पहिले प्रकरण लिहिण्यापूर्वी वाटेवरच्या एका साध्या दिवसाचे पहाटेपासून रात्रीपर्यंतचे टिपण करावे. त्यात घटना नको, फक्त कामे हवीत.

निघण्याआधी गावच्या धर्मगुरूने झोळी आणि काठी यांना आशीर्वाद देण्याचा विधी असे, आणि यात्रेकरू खरा असल्याचे पत्रही तोच देई. वाटेत घड्याळ नाही. मठातील घंटांवरून वेळ कळे. तारखाही संतांच्या सणांवरून सांगितल्या जात, उदाहरणार्थ सेंट मार्टिनचा दिवस म्हणजे ११ नोव्हेंबर. पोरगा पहाटे उठून खेचराचे खूर तपासतो, खोगीर कसतो, मालकाच्या जोड्यांना चरबी लावतो. त्या काळचे जोडे पातळ चामड्याचे आणि लवकर झिजणारे असल्यामुळे चांभाराचा शोध हा प्रत्येक शहरातील पहिला उद्योग ठरतो. पुढे पाव विकत घेणे, नाणी बदलून घेणे, नदी ओलांडताना नावाड्याशी घासाघीस करणे, जकातीच्या नाक्यावर आपण यात्रेकरू असल्याचे पटवणे. राज्य बदलले की नाणे बदलते आणि प्रत्येक बदलात सराफ काहीतरी कापतो; फ्लॉरेन्सचे सोन्याचे फ्लोरिन सगळीकडे चाले, पण ते चाकराच्या हातात पडणार नाही. पैसे मालकाच्या पट्ट्याच्या आत शिवलेले असतात, आणि ते शिवणाराही हाच पोरगा असतो, ही बाब कथानकासाठी लक्षात ठेवावी.

जेवणाबाबत मराठी लेखकाचे हमखास पाय घसरतात. बटाटा, टोमॅटो, मका, मिरची आणि कोको या सर्व वस्तू अमेरिकेतून १४९२ नंतर आल्या. १३५० च्या युरोपात त्या नाहीत, आणि तशा त्या आपल्या निपाणीच्या शेतातही तेव्हा नव्हत्या. चहा-कॉफीही नाही. राय किंवा सातूचा काळसर पाव, डाळी व भाज्यांचे दाट कालवण, चीज, कांदे, उत्तरेत सातूची सौम्य दारू आणि दक्षिणेत पाणी घातलेली द्राक्षाची दारू, असा साधा आहार असे. शुक्रवारी मांस वर्ज्य, आणि ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळात मांसाबरोबर अंडी व दूधही वर्ज्य. हे नियम चाकराच्या भुकेशी जोडावेत. मालकाला उपवासातही मासे परवडतात, पोराला त्यांचा वास परवडतो.

रात्री मठांच्या धर्मशाळा, इस्पितळे आणि सराया यांचा आसरा असे. त्या काळी इस्पितळ म्हणजे रोग्यांइतकेच गरिबांचे व यात्रेकरूंचे मुक्कामाचे ठिकाण. सिएनाच्या कॅथीड्रलसमोरचे सांता मारिया देल्ला स्काला हे त्यांतले थोर उदाहरण. तिथे मुक्काम टाकल्यास समोरच एक विलक्षण दृश्य आयते मिळते: सिएनाकरांनी आपले कॅथीड्रल प्रचंड वाढवायला घेतले होते, १३४८ च्या साथीने ते काम थांबले, आणि त्याची अर्धवट भिंत आजही उभी आहे. १३५० मध्ये ती भिंत नवी होती आणि तिच्यावर चढणारे गवंडी गेलेले होते.

भाषेचा प्रश्न याच दिवसात मिसळावा. रीम्सचे फ्रेंच, आल्प्सच्या उतारावरची बोली, लोम्बार्डीची बोली आणि तोस्कानाची बोली या एकमेकींत हळूहळू विरत जातात. नकाशावर रेघ मारावी तशी एक भाषा संपून दुसरी सुरू होत नाही. चंदगडहून बेळगावमार्गे बैलहोंगलपर्यंत एसटीने आणि मग कर्नाटकाच्या बसने गेलेल्या माणसाला हे समजावून सांगावे लागत नाही. चाकर बाजारात आधी आकडे शिकतो, मग शिव्या, मग भाकरी आणि पाणी यांचे शब्द. मालकाला लॅटिन येत असले तरी ते धर्मगुरूशी बोलताना उपयोगी, पाव घेताना निरुपयोगी. हळूहळू मालक पोरावर अवलंबून राहू लागतो. दोघांच्या नात्यातील तोल बदलण्याची ही सर्वांत नैसर्गिक रीत आहे, आणि सीमाभागातला लेखक ती इतर कोणाहीपेक्षा चांगली लिहू शकेल.

रोमचे दर्शन

रोमबाहेरील मोन्ते मारियो या टेकडीवरून शहर प्रथम दिसे, म्हणून यात्रेकरू तिला आनंदाची टेकडी म्हणत. येथे मराठी लेखकाला वेळापूरच्या धाव्याची आठवण होणारच. ती होऊ द्यावी आणि बाजूला ठेवावी, कारण खाली दिसणारे शहर निराशाजनक होते. जुन्या साम्राज्याच्या तटबंदीच्या आत वस्ती थोडी आणि शेते, द्राक्षमळे, पडके अवशेषच अधिक. त्यातच १३४९ च्या भूकंपाने लॅटरनसह अनेक इमारतींची पडझड केली होती. आजचे घुमटाचे सेंट पीटर तेव्हा नाही. त्याचे बांधकाम १५०६ मध्ये सुरू झाले. १३५० चा यात्रेकरू सम्राट कॉन्स्टंटाइनच्या काळातील जुन्या मंदिरात शिरतो, ज्याच्या अंगणात पाइनच्या फळाच्या आकाराचा काशाचा एक भलाथोरला कारंजा होता. पोराच्या नजरेतून लिहिताना पवित्र समाधीपेक्षा हा कारंजाच आधी दिसेल, आणि तसे लिहावे.

गर्दीचे वर्णन करण्यासाठी कल्पनेला ताण देण्याचे कारण नाही. १३०० मध्ये टायबरवरील सांत आंजेलो पुलावर जाणारे एका बाजूने व येणारे दुसऱ्या बाजूने अशी व्यवस्था करावी लागली होती. इटालियन कवी दान्तेने नरकाचे वर्णन करताना तिचाच दाखला दिला आहे. ख्रिस्ताचा चेहरा उमटला असे मानले जाणारे वेरोनिकाचे वस्त्र १३५० मध्ये रविवारी आणि सणाला दाखवले जाई, आणि त्या वेळच्या रेटारेटीत माणसे चिरडून मरत. त्याच पुलावर पुढे १४५० च्या जयंती वर्षात सुमारे २०० माणसे चेंगरून गेली. रोमकरांनी घरांच्या खानावळी केल्या आणि भाव मन मानेल तसे वाढवले, अशी तक्रार फ्लॉरेन्सचा इतिहासकार मातेओ विल्लानी याने लिहून ठेवली आहे. पोपचा प्रतिनिधी म्हणून आलेला कार्डिनल लोकांना इतका नकोसा झाला की त्याच्यावर बाण सोडला गेला. कवी पेत्रार्क त्याच वर्षी शरद ऋतूत रोमला निघाला असता बोल्सेनाजवळ एका घोड्याने त्याच्या पायाला लाथ मारली. अशा माणसांना नायकाशी बोलायला लावण्याचा मोह टाळावा; फार तर लंगडणाऱ्या एका पंडिताचा घोडा पोराने धरला, एवढे पुरे.

संतांच्या अस्थींविषयी थोडा विस्तार हवा. अस्थी, वस्त्राचे तुकडे, समाधीला लावलेला रुमाल यांत संताची शक्ती असते, ही समजूत सर्व थरांत होती, आणि तिच्यापायी चोऱ्याही होत. व्हेनिसच्या व्यापाऱ्यांनी ८२८ मध्ये सेंट मार्कचे अवशेष अलेक्झांड्रियाहून पळवून आणले आणि त्याचा त्यांना अभिमान होता. लिंकनचा बिशप ह्यू, जो पुढे स्वतः संत ठरला, त्याने फेकां येथील मठात मेरी मॅग्डालीनच्या म्हटल्या जाणाऱ्या हाताचा तुकडा चक्क दाताने तोडला होता. हे वाचून हसू आले तरी कादंबरीत पोराला हसवू नये. त्याला भीती वाटेल, लोभ वाटेल, कदाचित शंकाही येईल. आधुनिक वाचकाची थट्टा त्याच्या तोंडी घातली की तो १३५० चा उरत नाही. पापमाफीच्या बाबतीतही तसेच. तिच्या विक्रीविरुद्धचा मार्टिन ल्यूथरचा गाजलेला विरोध १५१७ चा आहे.

घरचा अनुभव कुठे चालतो, कुठे नाही

वारीचे साम्य वरवरचे आहे. आळंदी ते पंढरपूर हे अंतर सुमारे अडीचशे किलोमीटरचे, पालखीबरोबर, शिस्तीच्या दिंडीत, ओळखीच्या अभंगांच्या साथीने चालायचे. रोमचा यात्रेकरू चोरांच्या भीतीने अनोळखी लोकांची टोळी जमवून चालतो आणि त्या टोळीवरही त्याचा विश्वास नसतो. सौंदत्तीची यल्लम्मा या कामी अधिक जवळची वाटते. माघ पौर्णिमेला तिथे येणाऱ्यांत नवस फेडणारे असतात, आजारातून उठलेले असतात, घरातील दुसऱ्या कोणासाठी आलेले असतात. बैलगाडीच्या काळातल्या त्या यात्रेच्या आठवणी सांगणारी वृद्ध माणसे अजून गावोगाव आहेत, त्यांना गाडीखाली झोपण्याविषयी, बैलांच्या चाऱ्याविषयी, हरवलेल्या मुलांविषयी विचारावे. नवसाचा चांदीचा डोळा देवीला वाहणाऱ्या आपल्या माणसाला हे सहज कळेल की, युरोपात बरा झालेला रोगी मेणाचा पाय किंवा हात संताच्या समाधीजवळ टांगत असे.

जुन्या गोव्याचे मात्र जपून. बेळगावहून चोर्ला घाटाने काही तासांत तिथे पोहोचता येते, आणि सेंट फ्रान्सिस झेवियरचे अवशेष साधारण दर दहा वर्षांनी दर्शनासाठी खाली आणले जातात, तेव्हाची गर्दी आणि रांगेतील माणसांचे चेहरे लेखकाने जरूर पाहावेत. परंतु झेवियर १५५२ मध्ये वारला आणि बॉम जेझूची बॅसिलिका १६०५ ची; तिथली सोनेरी वेदी, बाके आणि पापकबुलीची लाकडी पेटी मध्ययुगीन चर्चमध्ये ठेवू नये. कबुलीची पेटी सोळाव्या शतकातील आहे. १३५० मध्ये माणूस धर्मगुरूच्या बाजूला उघड्यावर गुडघे टेकून कबुली देई, आणि १२१५ च्या लॅटरन परिषदेच्या नियमानुसार वर्षातून किमान एकदा ती द्यावीच लागे. लोक चर्चमध्ये बहुधा उभे राहत, भिंतींवर चित्रे असत, प्रार्थना लॅटिनमध्ये चाले.

खानापूर तालुक्यातील किंवा बेळगावच्या कॅम्प भागातील कॅथलिक कुटुंबांशी बोलणेही उपयोगाचे आहे, कारण उपवासकाळ, पवित्र आठवडा, संतांचे सण यांचा त्यांच्याकडे जिवंत अनुभव असतो. तो ऐकताना आजची लोकभाषेतील मिस्सा, म्हणजे चर्चमधील मुख्य उपासना, १९६० च्या दशकातील सुधारणांनंतरची आहे, हे ध्यानात असू द्यावे. दगडी अंधाराचा अनुभव हवा असेल, तर हलशीला जावे. तिथले भूवराह नरसिंहाचे मंदिर बाराव्या शतकातील, म्हणजे कँटरबरीत थॉमस बेकेटची हत्या झाली त्याच शतकातील आहे. धर्म वेगळा, शिल्प वेगळे; पण दुपारी उन्हातून आत शिरल्यावर डोळ्यांना दिसेनासे होते, पायांना गारवा कळतो आणि आवाज बदलतो, ते टिपून घ्यावे.

निवेदनाची भाषा

निवेदन प्रमाण मराठीत आणि साधे ठेवावे. पोराने मालकाला धनी म्हणून तुम्ही म्हणावे, मालकाने त्याला तू म्हणावे. कादंबरीच्या शेवटी मालकाच्या तोंडून एकदाच नावाने हाक आली तरी वाचकाला कळेल. मोक्ष, प्रसाद, गंगास्नान, पुण्याई असे शब्द टाळावेत, कारण त्यांच्याबरोबर दुसरेच विश्व आत येते. संवादात बेळगावी बोलीचा रंग द्यायचा असल्यास तो फक्त चाकरांच्या आपसातील बोलण्याला द्यावा. फ्रेंच-इटालियन नावे उच्चारानुसार एकदा ठरवून शेवटपर्यंत तशीच लिहावीत.

टाळू नये असे काही

किशोरांसाठी लिहितो म्हणून काळाची कुरूप बाजू पुसू नये. साथीच्या काळात ज्यूंनी विहिरींत विष कालवल्याची अफवा उठली आणि १४ फेब्रुवारी १३४९ रोजी स्ट्रासबूर्गमध्ये शेकडो ज्यूंना जाळून मारण्यात आले. सहाव्या क्लेमेंट पोपने १३४८ मध्येच हा आरोप खोटा ठरवून ज्यूंना संरक्षण देणारी फर्माने काढली होती, तरी ती पुष्कळ ठिकाणी कोणी मानली नाहीत. रीम्सहून निघालेला पोरगा वाटेतील एखाद्या शहरात एक रिकामी गल्ली पाहील, तिथल्या घरांत आता दुसरेच लोक राहत असतील, आणि त्यांविषयी विचारले तर सराईचा मालक विषय बदलेल. उपदेश न करता एवढे लिहिता येते. स्वतःला चाबकाने फोडत गावोगाव फिरणारे पंथही १३४९ मध्ये होते. त्यांना पोपने त्याच वर्षी मनाई केली, त्यामुळे १३५० मध्ये त्यांच्याविषयी लोक कुजबुजतच बोलतील.

परतीची वाट बहुतेक लेखक दोन ओळींत उरकतात. ती चूक आहे असे माझे मत आहे, कारण चाकराची खरी निवड तिथेच आहे. यात्रा पूर्ण झाल्याची खूण म्हणून शिसे व कथलाच्या मिश्रधातूचे छोटे बिल्ले विकत मिळत. रोमच्या बिल्ल्यावर पीटर आणि पॉल असत, स्पेनमधील सांतियागो या तीर्थाची खूण शिंपला आणि जेरुसलेमची खजुराची झावळी. असा बिल्ला टोपीला लावलेला पोरगा वाटेत कोणालाही थांबवून मुक्काम मागू शकतो. साथीने मजूर महाग झाले आहेत, लोम्बार्डीतील शेतकरी दुप्पट मजुरी देऊ करतो आहे, आणि गावी परतल्यास जुन्याच करारावर जुनीच चाकरी आहे. मार्जरीच्या मोलकरणीने अशा ठिकाणी काय केले ते आपण पाहिले. आपला पोरगा काय करील, ते पहिल्या प्रकरणाआधीच ठरवून ठेवावे आणि वाटेवरच्या प्रत्येक कामातून त्याची तयारी करीत जावे.

हस्तलिखित पूर्ण झाल्यावर कादंबरीच्या अखेरीस लेखकाचे दोन पानांचे निवेदन जोडावे. त्यात जयंती वर्ष, साथ, भूकंप आणि वाट खरी असून चाकर, त्याचा धनी व त्यांचे गाव कल्पित आहे, हे स्पष्ट लिहावे; कथेच्या सोयीसाठी एखादी तारीख मागेपुढे केली असल्यास तीही नोंदवावी.